गुण किती आणि गुण कोणते?

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. परीक्षेचा निकाल लागला की वडील मुलास विचारतात, ‘गुण किती पडले?’ पुढे त्याच मुलाच्या लग्नाची बोलणी निघाली म्हणजे मुलीकडील मंडळी चौकशी करतात ती ‘मुलाच्या अंगी गुण कोणते?’ अशी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येते, दुसऱ्याचे येत नाही. पत्रिकेत छत्तीसपैकी तीस गुण जुळले तरी शहाणा सोयरा मुलाच्या वागणुकीविषयी चार घरी विचारपूस केल्यावाचून राहत नाही, याचे कारण हेच. व्यवहारात आपण हा भेद सहज सांभाळतो. परंतु कलाकृतीच्या परीक्षणात तो पुष्कळदा सुटतो, आणि तो सुटला म्हणजे कसा गोंधळ उडतो याचा एक चांगला नमुना हल्लीच्या तरुण मंडळींच्या वादांत पाहावयास मिळतो.

हे वाद संगणकावरील व तत्सम यंत्रांवरील खेळांविषयीचे असतात. एखादा मोठा खेळ नव्याने बाहेर पडला की त्यास परदेशी परीक्षकांनी दहापैकी सात गुण दिले की नऊ, यावर लातूर-नांदेडकडील महाविद्यालयांच्या आवारांत आणि वसतिगृहांत मुले हिरिरीने भांडतात. वडीलधाऱ्यांस हा सारा पोरखेळ वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाही. टीकाकाराच्या निर्णयास अधिकार कोठून येतो, आणि सामान्य रसिकाचे मत त्याच्या विरुद्ध गेल्यास खरे कोणाचे मानावे, हा प्रश्न आमच्या साहित्यचर्चेत शंभर वर्षांहून अधिक काळ गाजत आला आहे. तोच येथे नव्या वेषात उभा आहे. कादंबरी वाचणे हेदेखील एके काळी आपल्याकडे रिकामटेकड्यांचे व्यसन गणले जात असे. राजवाड्यांसारख्या इतिहासाचार्याने १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांना तो विषय आपल्या लेखणीस कमीपणा आणणारा वाटला नाही. या खेळांसंबंधीही तीच वृत्ती ठेवणे आम्हांस श्रेयस्कर वाटते.

ज्या खेळांवरून हे वाद विशेष पेटतात त्यांना ‘ओपन वर्ल्ड’, म्हणजे मुक्तविश्व खेळ म्हणतात. अशा खेळात डोंगर, नद्या, शहरे, पेठा आणि माणसे यांनी भरलेला एक अफाट प्रदेश रचलेला असतो. खेळणाराने मुख्य कथेचा माग धरावा, अथवा तिला बाजूस सारून आडवाटेच्या एखाद्या खेड्यात कोणाचे तंटे सोडवीत बसावे. त्याच्या इच्छेस तेथे बरीच मोकळीक असते. एक खेळ पुरा करण्यास पन्नास तास लागतात, कित्येकदा शंभरही पुरत नाहीत. मोठ्या नव्या खेळाची किंमत चार-पाच हजार रुपयांच्या घरात असते. त्यासाठी लागणारे यंत्र निराळे. मध्यमवर्गीय घरातील मुलास वर्षातून असा एखादाच खेळ विकत घेता येतो. तेव्हा विकत घेण्यापूर्वी तो कोणाचा तरी अभिप्राय शोधणार हे उघड आहे, आणि त्याच्या हाती सर्वांत आधी पडतो तो आकडा.

हा आकडा कसा तयार होतो तेही पाहण्यासारखे आहे. ‘मेटाक्रिटिक’ नावाची एक संस्था २००१ साली अमेरिकेत निघाली. निरनिराळ्या नियतकालिकांनी दिलेले गुण शंभराच्या मापात बसवून ती त्यांची सरासरी काढते. सर्व नियतकालिकांचे वजन सारखे धरले जात नाही, आणि कोणाचे किती धरले हे ती प्रसिद्ध करीत नाही. याहून मौज अशी की, चित्रपटाची सरासरी एकसष्टावर गेली म्हणजे ती संस्था त्याला ‘बहुधा अनुकूल’ असे लेबल लावते. खेळाला मात्र त्याच लेबलासाठी पंचाहत्तर गाठावे लागतात. म्हणजे सत्तर गुणांचा चित्रपट चांगला आणि सत्तर गुणांचा खेळ संमिश्र! खेळांच्या परीक्षणात गुणांची खैरात झाल्याने सातास पूर्वीची किंमत उरलेली नाही, हाच याचा अर्थ. नव्वद टक्के मिळवूनही ज्या घरी पेढे वाटण्याऐवजी चेहरे उतरतात, अशी घरे आमच्या भागात थोडीथोडकी नाहीत. त्यांना हा न्याय नव्याने समजावून सांगावयास नको.

२०२३ च्या सप्टेंबरात ‘स्टारफिल्ड’ हा अंतराळप्रवासाचा खेळ निघाला. त्यात हजारावर ग्रह असल्याचा डांगोरा आधीच पिटला गेला होता. काही परीक्षकांनी त्यास पूर्ण गुण दिले, तर ‘आयजीएन’ आणि ‘गेमस्पॉट’ या दोन प्रमुख नियतकालिकांनी दहापैकी सात दिले. एवढ्यावरून जो गदारोळ उठला तो पाहण्याजोगा होता. एक पक्ष म्हणाला, परीक्षकास खेळ समजलाच नाही. दुसरा म्हणाला, तज्ज्ञाने सात म्हटले म्हणजे सातच, वाद संपला. हा खेळ निघाला तेव्हा तो एका कंपनीच्या यंत्रावर व संगणकावर चालत असे, प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्रावर चालत नसे. त्यामुळे तिसरे एक भांडण यंत्रांच्या मालकांमध्ये जुंपले, आणि आपल्या घरी नसलेल्या यंत्राचा खेळ उणा ठरला याचाच कित्येकांना आनंद झाला. या सर्व कोलाहलात एक गोष्ट मागे पडली. सात देणाऱ्यांनी सातची कारणेही लिहिली होती, आणि ती वाचून त्यांचे खंडन अथवा मंडन करणारे फारच थोडे निघाले.

आता ही कारणे कशा प्रकारची असतात ते पाहा. शहरांत आणि ग्रहांवर फिरण्यास उपयोगी पडेल असा धड नकाशा त्या खेळात नव्हता, ही तक्रार अनेक परीक्षणांत आली होती. मे २०२४ मध्ये खेळकर्त्यांनी सुधारलेले नकाशे पुरविले. दोष नेमका शब्दांत सांगितला गेला म्हणून तो दुरुस्त होऊ शकला. नुसत्या ‘सात’ या आकड्यावरून कोणत्या कारागिराने काय दुरुस्त करावयाचे होते? उलट, हजार ग्रह असूनही एका ठिकाणाहून दुसरीकडे चालत गेल्याचा आनंद मिळत नाही, प्रवासाचे तुकडे पडतात, हा आक्षेप रचनेच्या मुळाशी जाणारा आहे. तो नकाशा देऊन मिटत नाही. पहिला दोष अंगरख्याचा, दुसरा हाडांचा. आकड्यात हे दोन्ही सारखेच वजा होतात.

आमच्या भागातील तरुण आकड्यास इतका चिकटलेला का, याचे उत्तर त्याच्या दिनक्रमात आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रभर रूढ झाला तो परीक्षेतील यशामुळे. प्रश्नपत्रिकांचा पुनःपुन्हा सराव आणि एकेक गुण वाचविण्याची शिस्त हे त्या पद्धतीचे मर्म होय. आज ‘नीट’ परीक्षेसाठी दूरदूरची मुले लातुरात व नांदेडात येऊन राहतात. तेथे १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तरास चार आणि चुकल्यास एक वजा, असा रोखठोक हिशेब असतो. या पद्धतीची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. कोरडवाहू शेतकऱ्यांची पुष्कळ मुले तिच्या जोरावर डॉक्टर झाली आहेत. परंतु परीक्षेतील गुणांस अर्थ येतो तो दोन अटींवर. प्रश्न सर्वांना सारखे असले पाहिजेत, आणि बरोबर उत्तर कोणते हे आधी ठरलेले असले पाहिजे. मुक्तविश्व खेळात या दोन्ही अटी मोडतात. दोन खेळणारांनी चाललेली वाट एक नसते; मग त्यांनी एकच खेळ पाहिला असे तरी कसे म्हणावे? ठरलेल्या मुदतीत परीक्षण लिहावयाचे म्हणून मुख्य कथेच्या मागे धावणारा परीक्षक आणि दिवाळीच्या सुटीत रोज दोन तास रमतगमत हिंडणारा विद्यार्थी यांच्या अनुभवांत अंतर पडावयाचेच. ते अंतर म्हणजे दोघांपैकी एकाची लबाडी नव्हे.

कलेस गुण देण्याची ही हौस काही आजची नाही. रोजे द पील या फ्रेंच कलाटीकाकाराने १७०८ साली नामांकित चित्रकारांचा एक तक्ताच छापला. रचना, रेखाटन, रंग आणि भावदर्शन असे चार विषय करून प्रत्येकात वीसपैकी गुण दिले. पुरे वीस त्याने कोणासच दिले नाहीत. राफाएलला मिळाले १७, १८, १२ आणि १८. रूबेन्सला १८, १३, १७ आणि १७. बेरीज दोघांचीही ६५. आता राफाएल आणि रूबेन्स यांची चित्रे शेजारी मांडून पाहणारास ते दोघे सारखे आहेत असे स्वप्नातही वाटणार नाही. एकाचे बळ रेषेत, दुसऱ्याचे रंगात. हा फरक तक्त्याच्या चार रकान्यांत स्पष्ट दिसतो. बेरीज करताच नाहीसा होतो. पीलच्या खटाटोपाचे मोल त्याच्या रकान्यांत आहे. आजच्या गुणसंस्थांनी त्याची बेरीज तेवढी उचलली.

आपल्याकडे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सातवा उल्लास दोषांस आणि आठवा गुणांस दिला. काव्याची उत्तम, मध्यम आणि अवर अशी प्रतवारी त्यानेही केली आहे, हे लपविण्याचे कारण नाही; परंतु प्रत्येक प्रत कशामुळे ठरते हे त्याने सांगितले आणि उदाहरणे पुढे ठेवली. ज्यास ती प्रतवारी मान्य नसेल त्यास मम्मटाशी वाद घालता येतो, कारण वाद घालण्याजोगे काहीतरी त्याने हाती दिले आहे. आकड्याशी वाद घालता येत नाही. त्याच्यापुढे दुसरा आकडा फेकता येतो, इतकेच.

आकड्याने प्रत्यक्ष हानी कशी होते याची दोन उदाहरणे देतो. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी निघाला. परीक्षकांच्या हाती आधी आली ती केवळ संगणकावर चालणारी प्रत. जुन्या यंत्रांवरील प्रती त्यांना दाखविल्याच गेल्या नाहीत, आणि खेळातील स्वतः टिपलेली दृश्ये प्रसिद्ध करण्याची मुभाही त्यांना नव्हती. सरासरी नव्वदीच्या घरात गेली. तो आकडा पाहून ज्यांनी जुन्या यंत्रासाठी खेळ घेतला त्यांच्या पदरी वारंवार बंद पडणारी, अर्धीकच्ची वस्तू पडली. आठवडाभरातच सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला व गिऱ्हाइकांस पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो पुन्हा विक्रीस आला, आणि पुढे २०२३ पर्यंत त्यात इतक्या सुधारणा झाल्या की त्याचा लौकिक पालटला. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, आपण केवळ संगणकावरील प्रत पाहिली आहे, असे काही परीक्षकांनी लेखात नमूद केले होते. परीक्षणाने सावध केले, आकड्याने फसविले. सरासरी काढणाराने वाक्ये गाळून आकडे तेवढे घेतले होते.

दुसरे उदाहरण कारागिरांचे. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा मुक्तविश्व खेळ २०१० साली निघाला. तो रचणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीस सरासरी पंचाऐंशी मिळाल्यास अधिक मोबदला द्यावा, असा प्रकाशकाशी करार होता. सरासरी चौऱ्याऐंशी आली आणि मोबदला बुडाला, हे त्या कंपनीतील ख्रिस अवेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. आज त्या खेळाची गणना त्याच्या प्रकारातील उत्तम कृतींत होते. कोण्या परीक्षकाने उदास सकाळी आठाऐवजी साडेआठ लिहिले असते तर कित्येकांच्या घरी चार पैसे अधिक गेले असते! ज्या परीक्षकाने आपले मत म्हणून आकडा लिहिला त्यास, आपण कोणाच्या पगारपत्रकावर सही करीत आहोत, याची कल्पनाही नसेल.

आता घरच्या प्रकरणाकडे वळू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध केला. तो मुक्तविश्व प्रकारातला नव्हे, आखलेल्या वाटेचा आहे. परंतु गुणांच्या प्रश्नावर तो चांगला प्रकाश पाडतो. राक्षसांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ती कथा. राजस्थानी वास्तुशिल्प, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांचा खेळ यांतून त्याची दृश्ये सजली आहेत. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये प्रथमकृतींच्या स्पर्धेत त्याचे नामांकन झाले. परदेशी परीक्षकांनी चित्रे आणि संगीत यांची मनःपूर्वक वाखाणणी केली, पण लढाईच्या प्रसंगांत व हालचालींच्या नियंत्रणात उणिवा काढल्या. गुण बेताचेच पडले. अशा वेळी देशाभिमानाने दुखावलेला खेळाडू म्हणतो, आपल्या लोकांचा हा पहिलाच प्रयत्न. चार गुण अधिक द्यावयास काय हरकत होती?

या कृपागुणांच्या मागणीत माया आहे, परंतु न्याय नाही. २०२४ च्या ‘नीट’मध्ये वाया गेलेल्या वेळेबद्दल १,५६३ परीक्षार्थींस दिलेले वाढीव गुण अखेर मागे घ्यावे लागले, हे आमच्या भागातील घराघरांत ठाऊक आहे. ज्यांना ते मिळाले त्यांच्याविषयी सहानुभूती असूनही ज्यांना मिळाले नाहीत त्यांचा संताप खोटा नव्हता. कलेच्या बाबतीत कृपागुणाने याहून मोठे नुकसान होते. उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालेला लेखक आपण कोठे कमी पडलो हे कधीच शिकत नाही. पुण्याच्या कलावंतांचा खरा मान राखला तो त्यांच्या चित्रांत कोणती परंपरा उतरली आहे हे ओळखणाराने, आणि हातातील शस्त्र वेळेवर का वळत नाही हे निर्भीडपणे सांगणाराने. राजस्थानी झरोका आणि पहाडी चित्रातील रंग यांविषयी परदेशी परीक्षकापेक्षा आपणांस अधिक काही सांगता यावयास हवे होते. ते सांगणारे लेख मराठीत किती निघाले, हा प्रश्न चार अधिक गुणांच्या प्रश्नापेक्षा आम्हांस अधिक बोचतो.

खेळाडूंच्या बाजूचा एक दोषही येथेच सांगितला पाहिजे. परीक्षकांवरील रोष व्यक्त करण्यास ते पुष्कळदा स्वतः गुण देऊ लागतात, आणि ते गुण बहुधा शून्य किंवा दहा असतात. २०२० च्या जूनमध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ या कथाप्रधान खेळाचा दुसरा भाग निघाला, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच हजारो लोकांनी त्यास शून्य देऊन टाकले. तो पुरा होण्यास लागणारे तासही अनेकांच्या बाबतीत लोटले नव्हते. पुढल्याच महिन्यात मेटाक्रिटिकने, खेळ निघाल्यापासून छत्तीस तास लोकांचे अभिप्राय घ्यावयाचे नाहीत, असा नियम केला. न वाचता पुस्तकाची होळी करणारे आणि न खेळता शून्य देणारे एकाच जातीचे. परीक्षकाची मनमानी मोडावयाची तर त्याच्याहून अधिक पाहिलेले असले पाहिजे.

यावर एक वाजवी आक्षेप येईल. विद्यार्थी म्हणेल, ‘गुरुजी, अभ्यासातून वेळ मिळत नाही, दहा लांबलचक परीक्षणे कोण वाचणार? खाऊचे पैसे साठवून एक खेळ घ्यावयाचा, तर आकडा पाहण्याखेरीज दुसरा उपाय कोणता?’ आक्षेप खरा आहे, आणि आकड्याचा तेवढा उपयोग आम्ही मान्य करतो. रस्त्यावरील मैलाच्या दगडाइतका तो कामाचा आहे. गाव कसे आहे हे मात्र दगड सांगत नाही. दहा परीक्षणे वाचण्याची गरजही नाही. आवडीनिवडी परिचित झालेला एकच परीक्षक पुरे. त्याची आणि आपली आवड जुळली पाहिजे असेही नाही. जो परीक्षक ‘या खेळात फार चालावे लागते, घडत काहीच नाही’ अशी तक्रार करून पाच गुण देतो, त्याचे तेच वाक्य निवांत भटकंतीच्या भोक्त्यास शिफारशीसारखे वाटेल. पाच या आकड्याने त्याला दूर लोटले असते. वाक्याने जवळ आणले. विरुद्ध मताचाही असा उपयोग होतो, परंतु कारण सांगितले असेल तरच.

म्हणून परीक्षकाकडून मागणी करावयाची ती वाढीव गुणांची नव्हे. आपण किती तास खेळलो, कोणत्या यंत्रावर खेळलो, काय पाहावयाचे राहिले, हे त्याने आरंभीच सांगावे. नंतर आपणांस आनंद कोठे झाला व कंटाळा कोठे आला हे प्रसंग देऊन दाखवावे. आणि मग हवा तर आकडा लिहावा. तरुणांकडूनही आमची अपेक्षा तीच आहे. जो मुलगा ‘त्या शहरात रात्री पाऊस पडू लागला की मी कामगिरी विसरून नुसता उभा राहत असे’ असे सांगतो, त्याने टीकेस आरंभ केला आहे. मग त्याने नऊ गुण दिले की सहा, याने फारसे बिघडत नाही.

या कामी घरची मंडळी आणि आम्ही शिक्षक यांचाही वाटा आहे. मुलास जन्मभर ‘किती?’ एवढेच विचारावयाचे आणि पुढे तो कलेविषयीही ‘किती?’ हेच विचारू लागला म्हणजे त्याच्या अरसिकतेस नावे ठेवावयाची, हे बरे नव्हे. वसतिगृहातून सुटीत घरी आलेल्या मुलाने खेळाचे नाव काढताच कपाळास आठी घालण्यापूर्वी, त्यात त्याला काय आवडले आणि का, हे एकदा विचारून पाहावे. उत्तर पहिल्या खेपेस धड येणार नाही, कारण हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस शब्द सापडू लागतात. आमच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने असे उत्तर पानभर मराठीत लिहून आणले, तर आम्ही ते निबंधाच्या वहीइतक्याच आस्थेने वाचू, आणि खाली गुणांचा आकडा न घालता दोन ओळींचा अभिप्राय लिहून परत करू.